वडोदऱ्यात गच्चीवर स्टर्टचा डेझर्ट पी

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातली ही रानवेल वाटाण्याच्या कुळातली. लालभडक, सुमारे 9 सेंमी लांबीच्या फुलावर मधोमध काळाभोर चकचकीत फुगवटा असतो. साउथ ऑस्ट्रेलियाने 1961 साली हिला राज्यफूल केले. तिथे रानातून परवानगीशिवाय तोडायला बंदी आहे, म्हणून बी लागवडीतलेच घ्यावे. परदेशातून मागवायचे तर वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र आणि आयात परवाना आधी मिळवावा.

आपल्याकडे ही वर्षायूच धरायची. पावसाळा तिला मानवत नाही, तेव्हा कोजागिरी ते दिवाळी या दरम्यान पेरावी. साधारण चार महिन्यांनी फूल येते, म्हणजे फेब्रुवारी-मार्च.

कुंडीवर सगळे अवलंबून आहे. मूळ सरळ खोल जाते आणि हलवलेले त्याला खपत नाही. ट्रेमध्ये रोप करून नंतर लावण्याच्या भानगडीत पडूच नये. 6 इंची पीव्हीसी पाइपचा 60 सेंमी तुकडा घ्या, तळाला नायलॉनची जाळी तारेने आवळा आणि पाइप विटांच्या तुकड्यांवर उभा करा. भरल्यावर वजन पंधरा किलोंच्या वर जाते, म्हणून आधी जागेवर ठेवून मगच भरा आणि कठड्याला बांधून टाका. उत्तरायणाला गच्चीवर पतंगवाल्यांची धावपळ असते, हेही जागा ठरवताना ध्यानात असू द्या. ऊन किमान सहा तास हवे.

मिश्रण: जाड नदीची वाळू तीन भाग, चाळलेली लाल माती एक भाग, विटांची बारीक खडी एक भाग. शहराभोवतीची काळी माती चिमूटभरही नको. ती पाणी धरून फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. शेणखतही टाळा. संथ विरघळणाऱ्या खताचा एक छोटा चमचा वरच्या थरात मिसळला की पुरे. नत्र जास्त झाले तर पालाच माजतो.

बियांचे कवच कठीण असते. बी नुसते पेरले तर महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. बियाच्या डोळ्याच्या (शेंगेला चिकटलेल्या जागेच्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी जे फुगले ते पेरायचे, न फुगलेले पुन्हा घासून भिजवायचे. एका पाइपमध्ये तीन बिया, 1 सेंमी खोल. आठवड्याभरात कोंब दिसतात. दोन पाने फुटली की सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटली तर शेजारच्याचे मूळ दुखावते.

खोडाभोवती बोटाच्या पेराएवढा खडीचा थर द्यावा, म्हणजे बुंधा कोरडा राहतो. रोप लहान असेपर्यंत माती ओलसर ठेवा. पुढे वरचा 4-5 सेंमी थर सुकल्यावरच पाणी द्या, तेही सकाळी आणि झारी न वापरता बुंध्यापासून दूर. पाने करडी, लवदार असतात. त्या लवेत पाणी अडकले की बुरशी धरते. माती ओली असूनही पाने मलूल झाली आणि बुंधा तपकिरी पडला, तर मूळ कुजले समजा. इथे हमखास चूक होते: लोक तहान समजून आणखी पाणी घालतात. असे रोप सहसा वाचत नाही.

कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. ओल्या बोळ्याने पुसून काढा, फवारणीने पाने भिजवू नका. रात्री गोगलगायी रोप खातात, टॉर्च घेऊन वेचाव्यात. फांद्या पसरू लागल्या की कठड्यावरून खाली सोडा, काठीला बांधू नका.

शेंगा हव्या असतील तर हात लावावा लागतो. मायदेशी हे काम पक्षी करतात. फुलाची खालची लांब चोच हलकेच मागे ओढा, कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक, बाहेर येते. तिच्यावरचा पातळ पडदा मऊ कुंचल्याने घासून फाटला तरच पराग लागू पडतो. शेंगा वाळून करड्या झाल्या की काढा, बिया कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा. पाइपमधली वाळू त्याच वेलीसाठी पुन्हा वापरू नका, दुसऱ्या कुंड्यांत घाला.