पेटंट एजंट व्हायचंय? पहिल्या क्लेमपाशी थांबा

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी या कामात आले, तेव्हा आजीने शेजारी सांगून टाकलं, नात वकील झाली. मी वकील नाही. पेटंट एजंट म्हणजे शोध लावणाऱ्याच्या वतीने पेटंटचा अर्ज लिहिणारा नि पुढे नेणारा. त्याला एलएलबी लागत नाही. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि परीक्षा पुरते. कंट्रोलरपुढच्या, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीत मी बाजू मांडते, हायकोर्टात मात्र काळा कोटच लागतो.

परीक्षेत पहिला पेपर कायद्याचा, दुसरा ड्राफ्टिंगचा, म्हणजे अर्ज लिहिण्याचा, शंभर-शंभर मार्कांचे. वर 50 मार्कांची तोंडी. लेखी दोन्हींत किमान 50 आणि एकूण 60 टक्के हवेत. 1970 चा कायदा नि 2003 चे नियम नीट वाचले की पहिला निघतो. दुसऱ्यात मी 43 वर आपटले. त्यातूनही शहाणी झाले नाही, हे पुढे कळेल.

निफाडकडच्या एका बागायतदाराने द्राक्षासाठी फवारणी यंत्र बनवलं होतं. खरी करामत एकच: पानांच्या दाटीप्रमाणे नोझलचा कोन आपोआप बदलायचा. क्लेम म्हणजे अर्जातलं ते वाक्य, जे हक्क नेमका कशावर ते सांगतं. पण यंत्र माझ्यासमोर उभं होतं आणि मी दिसेल ते पहिल्या क्लेममध्ये लिहीत गेले. स्टेनलेस स्टीलची टाकी. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा पंप. पेटंट मिळालं, पेढेही आले. मग दुसऱ्या कुणीतरी तीच करामत प्लॅस्टिकच्या टाकीत, बॅटरीच्या पंपावर बसवून विकायला काढली, आणि स्टील नि पीटीओ लिहिलेला आमचा क्लेम तिला लागूच पडेना. क्लेममधला प्रत्येक शब्द कुंपणाचा खांब असतो. मी कुंपण गोठ्याभोवती घातलं आणि बाग मोकळी सोडली.

दुरुस्ती करू म्हणाल, तर कलम 59 वाचा. दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या आतच बसावा लागतो. म्हणजे आकसता येतं, पसरता येत नाही. नवा अर्ज? यंत्र बाजारात गेलेलं, आमचाच अर्ज प्रसिद्ध झालेला. नावीन्य कुठून आणणार? म्हणून पहिल्या क्लेममधल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवा: हा काढला तर करामत चालते का? आणि काढल्यावर जे उरतं, ते आधी कुणी केलेलं नाही ना? दोन्ही जमलं की तो शब्द खालच्या, म्हणजे पहिल्यावर टेकून जादा तपशील सांगणाऱ्या क्लेममध्ये ढकला. टाकी तिथे शोभते. फार रुंद लिहिलंत तर एफईआरमध्ये, म्हणजे पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात, आक्षेप येईल, येऊ द्या. वर्णनात तपशील असेल तर तेव्हा आकसता येतं.

जुन्या अर्जांतून क्लेम उचलून नावं बदलणारे ‘टेम्प्लेट’वाले मला डोक्यात जातात. आणि न वाचता सही करणारे साहेब त्याहून वाईट. माझे पहिले तसेच होते. गोड बोलणारे, चहा पाजणारे. त्यापेक्षा लाल पेनाने पान रक्तबंबाळ करणारा खडूस माणूस शोधा, पगार थोडा कमी असला तरी.

सुनावण्या, क्लायंट यांत मन रमत नसेल तर एक्झामिनरची, म्हणजे पेटंट ऑफिसात अर्ज तपासण्याची, सरकारी नोकरी आहे. माझी मैत्रीण तिकडे गेली. तिचा दिवस प्रायर आर्ट, म्हणजे तसंच काही आधी कुणी केलंय का ते, शोधण्यात आणि आक्षेप लिहिण्यात जातो. अंतिम निर्णय कंट्रोलरचा. नोकरीत असेपर्यंत तिला कुठल्याही पेटंटमध्ये हिस्सा घेता येत नाही, वारशाने आला तर गोष्ट वेगळी. दहा वर्षं तिथे काढून बाहेर पडली तर परीक्षा न देता एजंट होईल, असं मला चिडवते.

43 मार्कांनी घाबरू नका. दुसऱ्या खेपेला मी निघाले, कारण वर्षभर रोज घरातल्या एका वस्तूचा क्लेम लिहीत होते. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी घेतली. तीन तास गेले आणि तरी त्यात ‘स्टील’ शिरलंच.