ड्रॉ असताना ब्लफ मारायचा का? पोकर टूर्नामेंटमध्ये नवीन असाल तर हे वाचा

नवीन खेळणारे मला सगळ्यात जास्त हेच विचारतात की फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे चार पत्ते, पाचवा यायचाय) लागलाय, ऑल-इन मारू का, म्हणजे सगळ्या चिप्स लावू का? माझं म्हणणं एकच, आधी समोरचा फोल्ड करेल का, म्हणजे पत्ते टाकून देईल का ते बघा, आऊट्स (तुमचा हात पूर्ण करणारे पत्ते) नंतर मोजा.

एक हात घेऊ. ब्लाइंड्स (दोघांनी सक्तीने आधीच लावायची रक्कम) ५००/१०००, तुम्ही बिग ब्लाइंडवर, म्हणजे १००० वाले, हातात बदामची दश्शी-नव्वी. बटनवाल्याने (डीलरच्या जागेवरच्याने) रेज केलं, म्हणजे रक्कम वाढवली, तुम्ही कॉल, म्हणजे तेवढीच लावली. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) आला बदाम राजा, बदाम चौर्री, किलवर दुर्री. पॉट (मधली जमा रक्कम) ६०००, तुम्ही चेक, म्हणजे काही न लावता पुढे, तो २००० लावतो, तुमच्याकडे १६,००० उरलेत आणि त्याच्याकडे त्याहून जास्त. आता ऑल-इन मारलं आणि त्याने फोल्ड केलं तर ८००० सरळ तुमचे. त्याने कॉल केलं तर पॉट ३८,००० होतो, ९ बदाम बाकी, दोन पत्ते यायचेत, म्हणजे साधारण ३५% चान्स, म्हणजे तुमचा वाटा १३,३०० आणि लावले १६,०००, तोटा सरासरी २७००. हिशोब मांडून बघा, त्याने चारातून एकदा फोल्ड केलं तरी तुम्ही बरोबरीत सुटता. हातात काहीच नसताना हेच केलं असतं तर तिनातून दोनदा फोल्ड हवं होतं! ड्रॉची खरी ताकद ही आहे, आणि म्हणून मला हा डाव इतका आवडतो.

पण ३५% हा आकडा त्याच्याकडे नुसती राजाची जोडी असेल तेव्हाचा. तो सेट (एकाच किमतीचे तीन पत्ते) किंवा मोठा फ्लश ड्रॉ घेऊनही कॉल करणार, त्यामुळे मी मनात ३०% धरतो, मग तिनातून एकापेक्षा थोडं जास्त फोल्ड लागतं. गटशॉट (सलग पाच पत्त्यांतला मधला एक हवा असलेला ड्रॉ) असेल तर ४ च आऊट्स, १६-१७% चान्स, तिथे एवढी उडी नको.

आता टूर्नामेंटची गोष्ट वेगळी का, तर इथे गेलेली चिप आलेल्या चिपपेक्षा महाग असते, बाहेर पडलात की संपलं. बबलजवळ (बक्षिसाच्या जागा सुरू व्हायच्या जरा आधी) मधल्या स्टॅकवाले, म्हणजे मध्यम चिप्सवाले, पटकन फोल्ड करतात, त्यांच्यावर दबाव टाका, पण तुम्हाला कव्हर करणाऱ्या (तुमच्यापेक्षा जास्त चिप्स असलेल्या) मोठ्या स्टॅकशी जपून, आणि ज्याच्याकडे ५-६ बिग ब्लाइंड्सच उरलेत त्याला ब्लफ मारूच नका, त्याचे अर्धे पैसे आधीच पॉटमध्ये गेलेले असतात, तो कशाला सोडेल. कोणतीही जोडी धरून बसणारा खेळाडूही तसाच, त्याच्यासमोर स्वस्तात कॉल मिळत असेल तर कॉल करा आणि पत्ता बघा. तुमच्याकडे १५ ते २५ ब्लाइंड्स असले तर हा चेक-रेज ऑल-इन (आधी चेक, त्याने लावलं की सगळं) मस्त बसतो, कारण समोरच्याला खरंच दुखेल एवढी ती रक्कम असते.

आणि करायचं तर फ्लॉपवर करा. टर्न (चौथा पत्ता) कोरा गेला की तुमचा चान्स २०% वर येतो, तेवढ्याच पैशाला बरंच जास्त फोल्ड लागतं.

रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) कॉल करत आलात आणि फ्लश हुकला, तर शेवटचा ब्लफ मारायला हात शिवशिवतो. तिथे एक गोष्ट बघा, दोन बदाम तुमच्याच हातात आहेत म्हणजे त्याच्याकडे हुकलेला फ्लश असायची शक्यता कमी, आणि फोल्ड करणारे हात बरेचदा नेमके तेच असतात, त्यामुळे मी बहुतेक वेळा चेक करून तो पॉट सोडून देतो.