वासोट्याला जाताना या चुका टाळा

वासोट्याची चढाई तशी फार कठीण नाही, तरीही माथा न पाहताच परतलेले गट, जिथून लाँच सुटते त्या बामणोलीच्या धक्क्यावर भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे गणित पायथा गाठण्याआधीच चुकलेले असते. हा गड कोयना अभयारण्यात, शिवसागर जलाशयाच्या पलीकडे आहे. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे येथे वनखात्याची परवानगी लागते, गडावर मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साताऱ्याहून आरामात निघणे. लाँचला पलीकडे जायला साधारण दीड तास, चढायला दोन तास, गडावर एक तास, उतरायला दीड तास आणि परतीच्या लाँचला पुन्हा दीड तास, असे साडेसात तास कोठेही न रेंगाळता लागतात. आठला लाँच सुटली तर साडेतीनला परत येता येते. अकराला सुटली तर डिसेंबरात जलाशयाच्या मध्यावरच अंधार होतो. आमच्या गटाने एकदा कासच्या रस्त्यावर नाश्त्याला तासभर घालवला, पुढे परवानगीच्या अर्जात सर्वांची नावे लिहिताना दोघांकडे ओळखपत्रच नसल्याचे कळले, आणि लाँच सुटायला साडेअकरा वाजले. नावाड्याने परतीची वेळ चारची दिली होती. माथा अर्ध्या तासावर असताना आम्हाला मागे फिरावे लागले. तेव्हापासून मी एकच पथ्य पाळतो: परतीच्या वेळेतून दोन तास वजा करून येणारी वेळ घड्याळात लावायची आणि ती झाली की असू तेथून उतरायला लागायचे. मोबाइलला रेंज नसल्याने उशीर होत असल्याचे नावाड्याला कळवण्याची सोय नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उशीर झालाच असेल तर जवळच्या नागेश्वराचा, म्हणजे गुहेतल्या शिवमंदिराचा, मोह आधी सोडावा. वाटेत जिथे नागेश्वर आणि वासोटा यांच्या वाटा वेगळ्या होतात, तिथे उत्साही मंडळी ‘दोन्ही करू’ म्हणतात आणि गटाचे दोन तुकडे होतात. जंगल इतके दाट आहे की पन्नास पावलांवरचा माणूस दिसत नाही; म्हणून वाट माहीत असलेला एक जण पुढे आणि एक अगदी शेवटी ठेवून, प्रत्येक फाट्यावर मागच्यांची वाट पाहावी. वाट चुकल्याची शंका आली तर पुढे रेटत जाण्याऐवजी शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावे.

गडावरच्या बाबुकड्यावर आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकण्याची हौस अनेकांना असते. आपण अभयारण्यात पाहुणे आहोत एवढे कारण पुरेसे नसेल, तर सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळे लगडलेली असतात हे आठवावे; गोंगाट, उग्र अत्तर आणि धूर यांनी ती उठतात. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोके कपड्याने झाकून झाडीत दूर जावे. वाटेवर गवा दिसला तर फोटोसाठी पुढे न सरकता थांबावे आणि त्याला निघून जायला जागा द्यावी. व्याघ्रगड हे गडाचे दुसरे नाव ऐकून वाघ दिसेल अशी आशा मात्र धरू नये.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांची गफलत वेगळीच असते. एप्रिल-मेमध्ये जलाशय आटत गेला की लाँच पायथ्यापासून बरीच अलीकडे थांबते, आणि भेगाळलेल्या गाळावरून उघड्या उन्हात चालत झाडी गाठावी लागते. दोन लिटर पाण्याचा हिशेब हिवाळ्यापुरता ठीक आहे. या दिवसांत माणशी तीन लिटर तरी घ्यावे, आणि त्यातली एक बाटली परतीच्या त्याच चालीसाठी न उघडता राखून ठेवावी.