पावसाळ्यात प्रोबायोटिक देण्याआधी पाणी तपासा

पावसाळा लागला की विहिरीचे पाणी गढूळ होते, शेडमधली गादी (जमिनीवरचा भुसा-तुसाचा थर) ओलसर राहते आणि ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या) पिल्लांमध्ये हगवण व ई. कोलाय या जिवाणूच्या आजाराचा जोर वाढतो. प्रतिजैविकांऐवजी प्रोबायोटिककडे, म्हणजे आतड्याला उपयुक्त अशा जिवंत जिवाणूंच्या पुडीकडे, पोल्ट्रीधारक वळू लागले आहेत, हे योग्यच आहे. परंतु ज्या टाकीतून ते दिले जाते तिच्यात सकाळीच ब्लिचिंग पावडर टाकलेली असते, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू क्लोरीनच्या पाण्यात तग धरत नाहीत. महागडी पुडी टाकीतच वाया जाते, हगवण थांबत नाही, आणि ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून पुन्हा प्रतिजैविक सुरू होते. एवढ्या एका दुर्लक्षामुळे चांगल्या बॅच तोट्यात जाताना दर पावसाळ्यात दिसतात.

रोजच्या पाण्यात 3 ते 5 पीपीएम (लिटरला 3 ते 5 मिलिग्रॅम) क्लोरीन असावे. त्यासाठी 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लिचिंग पावडर 1,000 लिटर पाण्यास 10 ते 15 ग्रॅम पुरते. प्रोबायोटिकच्या दिवशी मात्र उकळून थंड केलेले पाणी वेगळ्या भांड्यांतून द्यावे. ते शक्य नसल्यास क्लोरीनचा परिणाम घालवण्यासाठी त्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळून अर्ध्या तासाने प्रोबायोटिक घालावे आणि तीन-चार तासांत संपेल एवढेच पाणी ठेवावे. त्याच पाण्यात प्रतिजैविक कधीही घालू नये. प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर प्रोबायोटिक द्यावे.

निपल लाइनचे (पक्ष्यांना चोचीने पाणी पिता येणाऱ्या नळीचे) शेवटचे टोक उघडून आत बोट फिरवावे. बोटाला बुळबुळीत थर लागला, तर गूळ, व्हिटॅमिन आणि जुन्या औषधांच्या साक्यावर जिवाणूंनी घर केले आहे असे समजावे. अशा लाइनमधून काहीही दिले तरी पिल्लांच्या पोटात आधी ती घाणच जाते. श्रावणात दर पडतात म्हणून अनेकजण शेड रिकामे ठेवतात, तेव्हाच हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलवरील मात्रेनुसार रात्रभर लाइनमध्ये भरून ठेवावे व सकाळी भरपूर पाण्याने धुऊन काढावे. पक्षी असताना हे करू नये.

हॅचरीतल्या पिल्लाला कोंबडीचा सहवास मिळत नाही, त्यामुळे त्याच्या आतड्यात उपयुक्त जिवाणू उशिरा स्थिरावतात. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू दिल्यास पिल्ले साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला दाद देत नाहीत, हे फिनलंडमधील नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवले. म्हणून पहिले तीन दिवस सर्वांत मोलाचे आहेत. पावसाळ्यात खाद्यातून देता येणारे बॅसिलस जातीचे, बीजाणूरूप प्रोबायोटिक आम्हाला अधिक भरवशाचे वाटते, कारण त्यात पाण्याचा प्रश्नच येत नाही. परसातल्या गिरिराज जातीच्या कोंबड्यांना प्लॅस्टिकच्या भांड्यात ताजे ताक दिल्याने विष्ठा बांधून येते, असा अनुभव आहे. त्याची शास्त्रीय मात्रा मात्र ठरलेली नाही.

नेहमीची कामे:
- गादी रोज हलवणे, ओली काढून टाकणे
- पडदे दिवसा उघडणे
- बुरशी लागलेला मका न वापरणे
- गळके निपल बदलणे

जिवाणूचे नाव, प्रतिग्रॅम संख्या आणि मुदत छापलेली नसेल, तर डीलरने कितीही आग्रह केला तरी ती पुडी घेऊ नये. कोलिस्टिन हे प्रतिजैविक ‘टॉनिक’ म्हणून कोणी देऊ केल्यास नकार द्यावा. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता त्याच्या विक्रीवर 2019 पासून केंद्र सरकारची बंदी आहे.

विष्ठेत रक्त दिसले किंवा मर अचानक वाढली, तर प्रोबायोटिकवर विसंबू नये. कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी नुकतेच मेलेले पक्षी बर्फात ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्यावेत.