पडलेला गुलमोहर होळीत टाकू नका, भुंगेऱ्यांना द्या

मे महिन्यातल्या वादळात आमच्या लेआउटमधला जुना गुलमोहर आडवा झाला. शेजारचे काका म्हणाले राहू द्या, होळीला कामी येईल. झालं, दहा महिने खोड कंपाउंडला लागून तसंच पडून, अन् होळीच्या आदल्या दिवशी पोरं ओढून राहिली होती तर साल सुटून आली आणि खाली बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या. काका ओरडले, हुमणी आहे, मारा! आता हुमणी राहते मातीत आणि खाते जित्या झाडाची मुळं, ह्या होत्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या, सरळ, जवळपास बिनपायाच्या, मेलेल्या लाकडात बोगदे करणाऱ्या. लाकूड पार भुसभुशीत झालं की त्यात हुमणीसारख्या वाकड्या अळ्याही सापडतात, त्या गेंडा भुंगेऱ्याच्या जातभाईंच्या, त्यांनाही मारायचं काही कारण नाही.

ह्या भुंगेऱ्यांचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून लाकडातच जातं. युरोपातला मोठा शिंगवाला भुंगेरा तर ३ ते ७ वर्षं कुजक्या लाकडात काढतो आणि बाहेर येऊन एका उन्हाळ्यात संपतो. म्हणजे लाकूड मध्येच उचललं की सगळंच गेलं. २०१८ साली तिकडच्या लाकडावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांची लाल यादी (कोणती जात किती धोक्यात ते सांगणारी) निघाली, जवळपास १८ टक्के जाती धोक्यात. आपल्याकडे जंगलातलं पडलेलं लाकूड जळतणाला जातं, आणि मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात त्या आगीतही जातं. आपल्या हातात आपलं अंगण आहे, तर तिथून सुरू करू, भुंगेऱ्यांसाठी ओंडके लावू.

लाकूड जवळपासचंच घ्या. गुलमोहर, आंबा, काटेसावर लवकर मऊ पडतात. सागही चालतो पण त्याचा गाभा कुजता कुजत नाही, फार वाट पाहावी लागेल. निदान मांडीएवढं जाड हवं, साल शाबूत. पेंट, पॉलिश, प्लायवूड काहीच नको. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या फांद्या छाटतात तेव्हा मागून घ्या. गोरेवाडा किंवा पेंचसारख्या नागपूरकडच्या जंगलातून उचलून मात्र आणू नका, एक तर कायद्यात बसत नाही आणि तिथे त्यात आधीच कोणीतरी राहत असतं.

आता मुख्य काम. दीड-दोन फूट खड्डा करायचा, ओंडके त्यात उभे लावायचे, अर्धे जमिनीत अर्धे वर, फटीत माती आणि पालापाचोळा दाबायचा. ही इंग्लंडातली पद्धत, पण आपल्या ४५ डिग्रीत ती जास्तच गरजेची, कारण नुसता वर ठेवलेला ओंडका एप्रिलमध्येच पापडासारखा वाळतो. काळी माती असेल तर पाला जास्त घाला, नाहीतर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात हातभर भेगा. जागा सावलीची. कूलरचं पाणी सांडतं ना, त्याची नळी सरळ तिकडे वळवा, आमच्याकडे तेच केलंय आणि ओंडक्यावर बुरशीच्या छत्र्या आल्यात. त्या खरवडू नका, बुरशीनेच लाकूड मऊ होतं. एक ओंडका मात्र उन्हात आडवा ठेवा, काही भुंगेऱ्यांना तापलेलंच लाकूड लागतं.

घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट लांब, कारण वाळवी येणारच. आली तर येऊ द्या, वाळवी मारायची पावडर टाकली की भुंगेरेही मरतात. ज्यांची संत्र्याची किंवा आंब्याची बाग आहे त्यांनी कीड लागलेल्या झाडाचं लाकूड ह्यात वापरू नये, काही भुंगेरे जितं झाडही पोखरतात आणि मग घरचेच तुम्हाला बोलतील. हात घालताना ग्लोव्हज घाला, विंचू असतो.

उभं झाड वाळलं असेल आणि कोणाच्या अंगावर पडणार नसेल तर वरच्या फांद्या उतरवून आठ-दहा फूट खुंट तसाच ठेवा, तांबट आणि सुतार पक्षीही येतील. पण वाळलंय म्हणून स्वतःच कुऱ्हाड लावू नका, १९७५ चा शहरी झाडांचा कायदा आहे, आधी कॉर्पोरेशनला अर्ज.

दरवर्षी एक नवा ओंडका टाका, जुना काढू नका. ताज्या लाकडातले वेगळे, साल सुटलेल्यातले वेगळे, पार भुगा झालेल्यातले अजून वेगळे. उचकटून बघायचा मोह होतो, मलाही झाला, पण उघडलं की आतला ओलावा जातो. त्यापेक्षा पहिल्या पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन सालीवर बघा, आणि अंगणातला मोठा लाइट बंद ठेवा, नाहीतर बिचारे रात्रभर बल्बला धडकत बसतात.

आणि होळीच्या आठवडाभर आधी पहारा. गेल्या वर्षी मी गेरूने ओंडक्यांवर 'होळीचं नाही' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, तरी पोरांनी दोन नेलेच, काकांनीच दाखवले म्हणे.