टूलला ऐकू आलं, गाडीला नाही

पांढरकवड्यात हायवेवरच्या टायरच्या दुकानात लागून मला सहा वर्षं झाली. त्याआधी आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड केला. क्लच प्लेट, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं हाताखालून गेलं, पण चाकाच्या आत रेडिओ असतो, म्हणजे टायरची हवा मोजून गाडीला रेडिओने कळवणारा छोटा सेन्सर (टीपीएमएस म्हणतात त्या यंत्रणेचा), हे दुकानात येऊन कळलं, तेही फजिती झाल्यावर. आपल्याकडची बरीच पोरं आता पंक्चर-अलायनमेंटच्या कामात उतरतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ट्रकचा टायर खोलायला कोणीही शिकवतं. हे शिकवायला कोणी नसतं.

गोष्ट पहिल्या वर्षाची. जिनिंगवाले एक काका गाडी घेऊन आले. मीटरवर टायरचा पिवळा दिवा, तो घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह. चारपैकी दोन चाकांचे आकडे गायब, तिथे नुसत्या रेघा. सेन्सरची बॅटरी संपली होती. ही बॅटरी बदलता येत नाही, ती आत घट्ट बुजवलेली असते. पाच ते दहा वर्षं चालते, मग अख्खा सेन्सर बदलायचा. काकांनी अमेरिकेतल्या मुलाकडून चार नवे मागवून ठेवले होते. मी विचारलं, हे आपल्या गाडीला चालतात ना? "सेम गाडी तिकडंबी विकते ना बाप्पा, मंग सेन्सर सेमच राहीन," काका म्हणाले. मला पटलं. दिसायलाही सेमच होते.

चारही टायर उतरवले, सेन्सर बसवले, बॅलन्सिंग केलं. मालकाचं सेन्सर तपासायचं नवं टूल हातात घेतलं आणि एकेका व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं. चारही बोलले. आयडी (प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर) आला, प्रेशर आलं, आतलं तापमान आलं. मी खूश. गाडी घेऊन हायवेवरच्या करंजी गावापर्यंत गेलो आणि परत आलो. दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग जळतच राहिला. टूल ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला) लावून चारही आयडी गाडीत लिहिले, परत वाचून पाहिले, बरोबर होते. तरी स्क्रीनवर रेघाच. दोन वेळा बॅटरीची वायर काढून लावली. (हे करू नका. काही होत नाही, घड्याळ आणि रेडिओची सेटिंग मात्र जाते.)

संध्याकाळी नागपूरच्या एका उस्तादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "टूलवर आयडीच्या खाली आकडा काय हाय?"

"तीनशे पंधरा."

"अन् काढलेल्या जुन्यावर?"

जुने चार भंगाराच्या डब्यात पडले होते, त्यातल्या दोघांत अजून जीव होता. टूल धरलं. ४३३.

"झालं मंग. टूलले दोन कान हायेत, गाडीले एकच."

टूल ३१५ आणि ४३३ मेगाहर्ट्झ दोन्ही ऐकतं, कारण ते सगळ्या गाड्यांसाठी बनवलेलं असतं. गाडीतला रिसीव्हर एकाच फ्रीक्वेन्सीला बांधलेला असतो, आणि ती फ्रीक्वेन्सी सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही. म्हणून सेन्सर टूलशी बोलला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आमच्या आजोबांच्या रेडिओवर काटा ५८५ वर आणला की नागपूर आकाशवाणी लागायचं. काटा तिथेच वेल्डिंग करून टाकला असता तर दुसरं कोणतंही स्टेशन कितीही जोरात ओरडो, आजोबांना ऐकू आलं नसतं. गाडीचं तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी चारही टायर परत उतरवले. पैसे मागायला तोंड नव्हतं.

आता हा फरक कुठून आला ते थोडक्यात. अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी ३१५ धरलं. युरोपात कमी ताकदीच्या उपकरणांसाठी ४३३.९२ चा पट्टा मोकळा होता, तिकडच्या गाड्या त्यावर आल्या. आपल्याकडेही ४३३ ते ४३४ चा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना बिनपरवाना आहे, म्हणून इथे विकलेल्या गाडीत बहुतेक ४३३च सापडतं. पण "अमेरिकेचं म्हणजे ३१५" असंही डोक्यात बसवू नका. तिकडेसुद्धा ४३३ वाल्या गाड्या आहेत, आणि काही मॉडेलांनी मधेच एका सालापासून फ्रीक्वेन्सी बदलली आहे. मॉडेलचं नाव पुरत नाही. कोणत्या साली बनली आणि कोणत्या देशाच्या बाजारासाठी बनली, दोन्ही पाहावं लागतं.

फ्रीक्वेन्सी जुळली तरी काम संपत नाही. पाटणबोरीच्या पुढे तेलंगणाकडे गेलं की गाडीच्या रेडिओवर तेलुगू स्टेशनं स्वच्छ लागतात. आवाज खणखणीत, पण तेलुगू येत नसेल तर बातमी काय कळणार? सेन्सरचंही तेच. ४३३ वर बोलणारा एका कंपनीचा सेन्सर ज्या पद्धतीने आकडे पाठवतो, ती पद्धत दुसऱ्या कंपनीच्या गाडीला कळत नाही. म्हणून बॉक्सवर नुसतं "४३३" पाहून माल घेऊ नका. पार्ट नंबर जुळवा. किंवा कोरा युनिव्हर्सल सेन्सर घ्या आणि टूलमध्ये गाडीची कंपनी, मॉडेल, साल निवडून त्याला प्रोग्राम करा. काही कोरे सेन्सर दोन्ही फ्रीक्वेन्सींवर चालतात, काही एकावरच. घेतानाच विचारा.

आता माझी सवय अशी आहे की गाडी जॅकवर चढवायच्या आधी टूल हातात घ्यायचं. चारही चाकांजवळ फिरवायचं आणि आयडी, फ्रीक्वेन्सी, प्रेशर वहीत लिहून ठेवायचं. एक जरी जिवंत असला तरी गाडीला काय लागतं ते तोच सांगतो. टूल सेन्सरला १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने उठवतं, ती फार लांब पोचत नाही, म्हणून टूल टायरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या अगदी जवळ धरायचं. चारही मेलेले असतील तर टायर उतरवून सेन्सरवरचं बारीक अक्षर वाचायचं. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा, डोळे फोडू नका.

त्याआधीही एक पायरी आहे, नवीन पोरं तिथेच अडकतात: गाडीत सेन्सर आहेत की नाहीत? स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत चाकात काहीच नसतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाक किती वेगाने फिरतं ते मोजतात. हवा कमी झाली की चाकाचा घेर लहान होतो, ते जास्त फिरतं, गाडी त्यावरून ओळखते. अशा गाडीत हवा भरून मेनूमधून रीसेट केलं की झालं. स्क्रीनवर चार चाकांचे चार वेगळे पीएसआय दिसत असतील तर मात्र चाकात सेन्सर आहे असंच धरा. व्हॉल्व्ह रबरी आहे म्हणून आत काही नाही, असं समजू नका. रबरी व्हॉल्व्हलाही सेन्सर असू शकतो. तो बीड (टायरची रिमला घट्ट बसलेली कड) तोडताना मशीनच्या फाळाखाली येऊन फुटला की भरपाई आपल्याच खिशातून. म्हणून फाळ लावताना व्हॉल्व्ह त्याच्यापासून लांब राहील असंच चाक धरायचं.

दिव्याची भाषा शिकून घ्या. सुरू करताच दिवा सरळ लागून राहिला तर हवा कमी. मिनिटभर लुकलुकून मग लागून राहिला तर यंत्रणेत बिघाड, म्हणजे सेन्सर मेला, चुकीचा बसला किंवा गाडीला ओळखीचा नाही. डिसेंबरात सकाळी सातला दुकान उघडलं की दोन-तीन गाड्या दिवा घेऊन उभ्याच असतात, त्यात टिपेश्वरच्या सफारीला आलेल्या हैदराबादच्या गाड्या हमखास. त्यांच्या टायरला काही झालेलं नसतं. दर दहा अंशांना दीडेक पीएसआय हवा वर-खाली होते. ज्याने दुपारच्या उन्हात तापल्या टायरला मोजून हवा भरली, त्याची थंडीच्या पहाटे चार-पाच पीएसआय कमी भरते. थंड टायरला, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, थोडं चालवू द्या, दिवा जातो. नवा सेन्सर विकू नका. काही दुकानं विकतात.

आणखी एक, हाताने शिकलेलं. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन (आतली, हवा अडवणारी) टाकू नका. दोन धातू, वर पावसाळ्याची ओल. वर्षभरात पिन अशी जाम होते की पाना लावला तर व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. निकेल चढवलेली पिन मिळते, तीच वापरा. आणि पंक्चरसाठी टायरमध्ये द्रव ओतणारं गिऱ्हाईक आलं तर आधी सांगा की त्या चिकाने सेन्सरचं भोक बुजतं. नायट्रोजन भरला काय, साधी हवा भरली काय, सेन्सरला फरक पडत नाही. गिऱ्हाईक विचारतंच, म्हणून सांगून ठेवतो.

नवा सेन्सर बसवल्यावर गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या चालवता-चालवता स्वतः शिकतात, काहींना ओबीडीवरून आयडी लिहून द्यावा लागतो. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो, पंचवीस-तीसच्या वेगाला जागा होतो. म्हणून दुकानासमोर उभं राहून वाट पाहण्यात अर्थ नाही, गाडी काढा. मी अजूनही करंजीपर्यंतच जातो. आणि स्टेपनी चौथ्या चाकाच्या जागी लावलेली आहे का, ते निघण्याआधी पाहतो, कारण तिच्यात बहुतेक वेळा सेन्सर नसतो. एकदा अर्धा दिवस त्यातच गेला होता.

काकांचे ते चार ३१५ वाले दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. परत न्यायला ते काही आले नाहीत. नवीन पोरगा लागला की मी त्यातला एक त्याच्या हातात देतो आणि टूल लावायला सांगतो. "बोलून राह्यला ना भाऊ, चांगलाच हाय हा," असं तो म्हणतो.