डायलिसिसवाल्यांनो, ‘बरं वाटतंय’ म्हणून या चुका करू नका

साडेचार वर्षं डायलिसिस केलं आणि आता तीन वर्षं झाली आईची किडनी घेऊन फिरतोय, त्यामुळे ओळखीत कुणाचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी थकली की तो वाढतो) वाढलं की फोन मलाच येतो. परवा आमच्या नाशिकच्या सिडकोतून एका ताईंचा आला. "दादा, डॉक्टर फिस्टुला करा म्हणतायत, पण ह्यांना तर काहीच त्रास नाहीये हो, बरं वाटतंय." हे ‘बरं वाटतंय’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं, कारण मी पण अगदी हेच म्हणालो होतो. किडनी दुखत नाही, हीच तर सगळी बोंब आहे. दाढ दुखली असती तर माणूस त्याच दिवशी पळाला असता.

फिस्टुला पुढे ढकलणे

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून देतात, मग त्या शिरेत रक्ताचा जोर वाढतो, ती जाड होते आणि डायलिसिसच्या जाड सुया तिच्यात टोचता येतात. ऑपरेशन छोटं, भूल हातापुरतीच. पण शीर तयार व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात आणि लोक नेमकं हेच विसरतात. गरज पडली की करू म्हणे. अहो, गरज पडेल त्या रात्री तीन महिने कुठून आणणार?

माझं क्रिएटिनिन 5.8 होतं तेव्हाच डॉक्टरांनी डाव्या हाताला करून घ्या म्हणून सांगितलं. माझ्या डोक्यात असं बसलेलं की हात कापू दिला म्हणजे आपण डायलिसिस कबूल केलं. म्हणून मी सातपूरला ड्युटी करत राहिलो आणि कुणाच्या तरी साडूने सांगितलेला काढा आठ महिने प्यायलो. काढ्याने पहिल्या महिन्यात बरं वाटलं, मग रिपोर्ट काढायचं पण सोडून दिलं, कशाला उगाच खर्च. मग एका रात्री दोनला जाग आली, आडवं पडलं की जीव घाबरा होतोय, उठून बसलं की जरा श्वास येतोय. उशीला टेकून पहाट केली. सकाळी बायकोने रिक्षात घातलं आणि दुपारपर्यंत माझ्या मानेत नळी आणि मी मशीनवर. फुप्फुसात पाणी झालं होतं.

ती मानेतली नळी पाच महिने राहिली. डोक्यावरून आंघोळ नाही, कुशीवर झोप नाही, लहान पोरगी गळ्यात पडायला आली की मीच मागे सरकायचो. फिस्टुला त्या पाच महिन्यांत झालाच, पण मनगटाजवळ नाही झाला, कारण अ‍ॅडमिट असताना डाव्या हातालाच सलाईन टोचून टोचून शिरा खराब झाल्या होत्या आणि मला कुठे माहीत होतं की तो हात राखून ठेवायचा असतो. कोपराच्या वर करावा लागला. तेव्हा क्रिएटिनिन वाढायला लागलं असेल तर एक हात, शक्यतो ज्याने लिहीत नाही तो, आत्तापासून बाजूला ठेवा. त्याला सलाईन नाही, त्यातून रक्त काढणं नाही. लॅबवाला पोरगा घाईत असतो, तो हाताला येईल तो हात धरतो, सांगायचं काम तुमचं.

आणि नळी असताना गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, डुबकी मारायला जाऊ नका. माझ्या शिफ्टमधले एक काका घरच्यांच्या आग्रहाने रामकुंडावर जाऊन आले. पुढच्या डायलिसिसला मशीन लावून अर्धा तास होतोय तोच त्यांना अशी थंडी भरली की बेड हलायला लागला. नळीच्या वाटेने जंतू थेट रक्तात जातात, मध्ये कातडीची आड पण नसते. नळी काढावी लागली, अँटिबायोटिकवर पडून राहिले. देव काही रागावला नसता हो, हातपाय धुतले असते तरी चाललं असतं.

फिस्टुला झाला की माझी एकच सवय, सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी उजव्या हाताची तीन बोटं त्याच्यावर. मांजर गुरगुरतं तशी थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर दुपारची ओपीडी वगैरे बघायची नाही, लगेच फोन आणि लगेच निघायचं, कारण गुठळी झाली असेल तर काही तासांचाच खेळ असतो. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, घड्याळ नाही, भाजीची पिशवी नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. घरी गेल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर टॉवेल गुंडाळत बसू नका, टॉवेलच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. बोटाने नेमकी जागा दाबा आणि धरून ठेवा.

पाणी, आणि ‘आजचा दिवस जाऊ दे’

हा माझा दुसरा आवडता विषय. सुरुवातीला मला वाटायचं मशीन काढतंयच ना पाणी, मग प्या. हिशोब सोपा आहे, एक लिटर प्यायलात आणि लघवी होत नसेल तर वजन एक किलो वाढलं. ते काढायला पण मर्यादा असते. साधारण वजनाच्या किलोमागे ताशी 13 मिलीच्या वर ओढलं तर हृदयाला झेपत नाही असं डॉक्टर धरतात. माझं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, 62 किलो, म्हणजे चार तासांत कसेबसे सव्वातीन लिटर. आणि लोक साडेचार-पाच किलो वाढवून येतात, वर टेक्निशियनला म्हणतात भाऊ तीन तासात सोड, द्वारका चौकात ट्रॅफिक लागतं. मग बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि नाव कुणाचं, मशीनचं.

माझं स्वतःचं ऐका. मे महिना, पिंपळगावला मावसभावाचं लग्न शनिवारी, आणि माझी डायलिसिस मंगळवार-गुरुवार-शनिवार. शनिवार बुडवला. बरं वाटत होतं! आता शनिवार बुडवला म्हणजे गुरुवारनंतर थेट मंगळवार, तसं पण शनिवार ते मंगळवार हा गॅप आठवड्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट, मी तो पाच दिवसांचा करून ठेवला. मांडवात ऊन असं की डोकं तापलेलं, मठ्ठ्याचे ग्लास फिरतायत, त्यात मावशी शहाळं घेऊन आली, "घे रे, थंड असतं, एका शहाळ्याने काय होतंय." एक नाही, दोन प्यायलो. आपल्याकडे आजारी माणसाला शहाळं न्यायची पद्धत आहे आणि किडनी पेशंटला नेमकं तेच विष, कारण त्यात पोटॅशियम ठासून असतं, ते आपली किडनी बाहेर टाकत नाही आणि वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, ग्लासभर पाण्यात 500-600 मिलीग्रॅम सहज.

रविवारी संध्याकाळी पाय मेणाचे झाल्यासारखे. जिना चढताना मध्येच बसलो. बायकोने ऐकलं नाही, भावाने गाडी काढली, ओझर, आडगाव, हायवेने सरळ हॉस्पिटल. ईसीजीची पट्टी बघून डॉक्टर आधी बोललेच नाहीत, सिस्टरला कॅल्शियमचं इंजेक्शन भरायला लावलं. पोटॅशियम 7.2. पाचच्या आत पाहिजे. वजन 4.8 किलो जास्त. रात्री अकराला मशीनवर घेतलं. टेक्निशियन झोपेतून उठून आला होता, काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "भाऊ, लग्न झालं का नीट?" त्याच्या त्या एका वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी डॉक्टरच्या ओरडण्याने पण नाही.

तेव्हापासून घरात माझी अर्ध्या लिटरची एकच बाटली. सकाळी भरायची, चहा असो, गोळीचं पाणी असो, सगळं तिच्यातून वजा. मला कितीची मुभा होती ते तुम्हाला लागू नाही, साधारण लघवी होते तेवढं अधिक अर्धा-पाऊण लिटर असं सांगतात, तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा. तहान पाण्याने कमी होत नाही, मीठ कमी केल्याने होते. लोक रविवारी मिसळ हाणतात, वर फरसाण, पापड, आणि मग म्हणतात कंट्रोलच होत नाही. कसं होणार? माझा जुगाड म्हणजे बर्फाचा खडा चघळायचा किंवा लिंबाची फोड चोखायची, चूळ भरून थुंकायची. आणि रोज सकाळी त्याच काट्यावर वजन, ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. घरचे येता-जाता बघतात, त्याची पण भीती असते.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. लो सोडियम मीठ आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. सैंधव पण मीठच आहे, गुलाबी असलं म्हणून काय झालं. द्राक्षं चार-पाच चालतील, आपल्या नाशकात कोण नको म्हणणार, पण मनुके नाहीत, वाळवल्यावर सगळं पोटॅशियम मूठभरात येतं. कमरख, ते चांदणीसारखं कापतात ते, किडनी पेशंटने एक फोड पण नाही, थेट मेंदूवर परिणाम होतो. बटाटा चिरून, भिजवून, उकळून, पाणी फेकून. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच, उपाशीपोटी घेतली तर ती बांधणार काय? पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका, जी थोडीफार किडनी शिल्लक आहे ती पण जाते. हिपॅटायटिस बीची लस अर्धवट सोडू नका. डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची का ते विचारून घ्या. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड-आधार नीट करून ठेवा, नावातली एक वेलांटी चुकली तरी खेटे घालावे लागतात. घरात डोनर नसेल तर प्रतीक्षायादीत नाव लावायला वर्षभर विचार करत बसू नका, तुमचा नंबर तुमच्या विचारासाठी थांबत नाही.

ट्रान्सप्लांट झालं की लोकांना वाटतं सुटलो. मला पण वाटलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमसची गोळी माझी सकाळी नऊ आणि रात्री नऊ, आणि तिची रक्तातली लेव्हल बघायची तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं असतं. एकदा सवयीने चहासोबत गोळी टाकली आणि मग लॅबला गेलो, सांगितलं पण नाही, म्हटलं एवढ्याने काय होतंय. लेव्हल जास्त आली, डॉक्टरांनी डोस कमी केला, आणि तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.2 चं 1.6. आई समोर बसलेली, तिला रिपोर्टमधलं काही कळत नाही, पण माझं तोंड बघून तिला कळलं. डोस परत वाढवला, नशिबाने खाली आलं. आता टेस्टच्या दिवशी ती गोळी शर्टाच्या खिशात असते, हाताला कापूस लागल्यावरच तोंडात. आणि पपनस बंद, त्याने औषधाची लेव्हल वाढते.

सिडकोच्या त्या ताई रविवारी यजमानांना घेऊन आल्या. माझा फिस्टुला अजून चालू आहे, मी त्यांची बोटं धरून त्याच्यावर ठेवली. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, मग स्वतःहून परत ठेवला, बराच वेळ ठेवला. चहा झाला, अर्धा कप. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "करू की, दिवाळी तेवढी होऊन जाऊ द्या."